माणूस नसलेलं दुकान

जपानच्या शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे. (केरळातलं कोची नव्हे.) तिथे रस्त्याकडेच्या एका प्रकारच्या दुकानांना 'ऱ्योशिन-इची' म्हणतात. 'ऱ्योशिन' म्हणजे सदसद्विवेक आणि 'इची' म्हणजे बाजार. सदसद्विवेकाचा बाजार! नाव भारदस्त आहे, पण मामला अगदी साधा. चार खांब, वर पत्रा, दोन फळ्या. फळ्यांवर आलं, रताळी, संत्री, युझू नावाची पिवळीधमक आंबट फळं. पिशवीची किंमत बहुतेकदा १०० येन, म्हणजे साधारण ६० रुपये. शेजारी फट असलेला एक डबा. विकायला माणूस नाही. तुम्ही पिशवी उचलायची, डब्यात नाणं टाकायचं आणि निघायचं. अशी दुकानं जपानभर आहेत. इतरत्र त्यांना सरळ 'विनामनुष्य विक्री' अशा अर्थाचं नाव आहे. कोचीकरांनी मात्र थेट सदसद्विवेकालाच हात घातला.

गेल्या नोव्हेंबरात मी आणि नवरा तीन दिवस या भागात गाडी घेऊन फिरलो. जपानमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवानाही तिथे चालतो. ताकामात्सूहून पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची चिमुकली गाडी घेतली आणि योशिनो नदीच्या कडेकडेने, ओबोकेच्या घळीतून ३२ नंबरच्या महामार्गाने दक्षिणेला निघालो. मग ४३९ नंबरच्या रस्त्याला लागलो. नावाला राष्ट्रीय महामार्ग, पण कित्येक ठिकाणी जेमतेम एका गाडीपुरता. वळणावळणावर गोल आरसे, आणि समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे घ्यायचं. अशाच एका वळणानंतर आम्ही संत्र्यांची पिशवी घेतली, डब्यात नाणं टाकलं आणि पुढचे दोन दिवस त्या नाण्यावरून वाद घातला.

नवऱ्याचं म्हणणं जपानहून परतलेला प्रत्येक जण म्हणतो तेच होतं: काय प्रामाणिक लोक आहेत! पण त्याने पुढे प्लेटो काढला. 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकन म्हणतो, अशी अंगठी सज्जनाला द्या नाहीतर दुर्जनाला, दोघेही तेच करतील; माणूस नीट वागतो तो पकडला जाईल म्हणून. "हे दुकान म्हणजे ग्लॉकनला उत्तर आहे," नवरा म्हणाला. "इथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बोटात ती अंगठी आहे, तरी डबा भरतोय."

मला ते इतकं सोपं वाटत नव्हतं. खरंच कुणी बघत नसतं का? जपानी घरांत मुलांना सांगतात, 'ओतेन्तोसामा बघतोय'. ओतेन्तोसामा म्हणजे सूर्यदेव. आपल्याकडे आई सांगते, 'देव बघतोय'. शनिशिंगणापुरात घरांना दारं नसण्याची परंपरा आहे. ती माणसं चांगली असतात या भरवशावर उभी नाही, तर चोराला शनिदेव सोडणार नाही या श्रद्धेवर. दार नसलं तरी पहारा आहेच. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. चहा-कॉफीचे पैसे आपणहून डब्यात टाकायचे, अशी तिथे सोय होती. दरपत्रकावर त्यांनी एक आठवडा फुलांचं चित्र लावलं, पुढच्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळपास तिप्पट पैसे जमले. पुढे इतरांच्या प्रयोगांत असा परिणाम इतका ठळक दिसला नाही, पण मुद्दा कळतो. कागदावरच्या डोळ्यांनाही आपण बिचकतो. मग दुकानात कुणी नसलं तरी गिऱ्हाइकाच्या डोक्यात कुणीतरी बसलेलं असेलच की. आणि आता तर काही दुकानांत खरोखरच कॅमेरे लागले आहेत, डबे साखळीने बांधले आहेत.

इथवर वाद पुस्तकी होता. पण डोंगरात एका लांब बोगद्यातून जाताना फोनची रेंज गेली आणि तो घरावर आला. लग्नाला चार वर्षं झाली. पहिल्या आठवड्यापासून आम्ही एकमेकांचं लोकेशन शेअर करतो. नकाशावर तो निळा ठिपका आणि मी हिरवा. त्यामागे संशय नाही, काळजी आहे. मुंबईतल्या लोकल, रात्रीच्या शिफ्ट, अर्ध्या रस्त्यात संपणारी बॅटरी. तुमच्यापैकीही अनेकांच्या फोनमध्ये असे ठिपके असतील. मी म्हटलं, "माझा तुझ्यावर विश्वास आहे असं मी म्हणते, तेव्हा नेमकं काय असतं माझ्याकडे? तू कुठे आहेस ते मला दिसतंच. मग तो विश्वास नाही, ती माहिती झाली."

तो जरा वेळाने म्हणाला, "माझ्याकडे लपवायला काही नाही, म्हणून मी उघडं ठेवतो. तेही काहीतरी देणंच आहे ना? आणि रात्री साडेअकराला तू घरी पोचली नसशील, तर मी विश्वास कुरवाळत बसू का?"

या दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईमाणसाने रात्रीचा प्रवास करण्याच्या संदर्भात तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी, ओतोयो गावाच्या बाजूला एका दुकानाची मालकीण भेटली. ऐंशीच्या घरातली आजी, ढकलगाडीतून आल्याच्या पिशव्या आणून फळीवर मांडत होती. फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपवरून आम्ही विचारलं, "कुणी पैसे न देता नेत नाही का?" तिने सहज सांगितलं, "नेतात की कधीकधी." मग? "मग तेवढं कमी. पण इथे दिवसभर बसायला मला वेळ कुठे आहे?"

आमच्या दोघांच्याही मांडणीत ही आजी बसत नव्हती. लोक प्रामाणिकच असतात असं ती मानत नव्हती आणि वरून कुणी बघतोय यावरही तिची भिस्त नव्हती. तिने हिशेब केला होता. ओतोयो हा भाग समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. कोची विद्यापीठातले ओनो आकिरा यांनी अशाच डोंगरी वस्त्यांच्या अभ्यासातून 'गेनकाई शूराकू' ही संज्ञा रुजवली: सीमेवर पोचलेली वस्ती. निम्म्याहून अधिक माणसं ६५ च्या पुढची, आणि गावकी चालवणं अवघड होत चाललेलं. तिथल्या विनामनुष्य दुकानातला 'विनामनुष्य' हा शब्द फक्त दुकानापुरता नाही. गल्ल्यावर बसू शकतील अशी तरुण माणसं शहरांत गेली आहेत. आम्ही ज्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होतो, त्याच्या मुळाशी थोडी नाइलाजाची मातीही होती. कोकणात मोठ्या घरात एकटी राहणारी आजी ज्यांना आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण नाइलाज म्हटल्याने आजीचं काम छोटं होत नाही. तिला दुकान बंदही ठेवता आलं असतं. ती उघडं ठेवते, आणि फळीवर तेवढंच ठेवते जेवढं गेलं तरी सोसेल. मला वाटतं, विश्वास म्हणजे हेच. समोरचा फसवणार नाही अशी खात्री असेल तर विश्वासाची गरजच काय? फसवलं जाण्याची शक्यता मोजून, तेवढं नुकसान आपल्या अंगावर घेऊन, पहाऱ्यावरून उठणं म्हणजे विश्वास. आणि कुणीतरी असं उठतं म्हणूनच दुसऱ्याला प्रामाणिक होता येतं. कॅमेऱ्यासमोर टाकलेलं नाणं म्हणजे नुसती किंमत. कॅमेरा नसताना तेच नाणं टाकणाऱ्याची स्वतःची गोष्ट होतं. सदसद्विवेकाचा बाजार हे नाव मी गिऱ्हाइकासाठी आहे असं समजत होते. ते विकणारीलाही तितकंच लागू पडतं.

यातून नवऱ्याच्या साडेअकराच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं का? अर्धं मिळतं. काळजी आणि पहारा यांत फरक एवढाच, की काळजीला वेळ असते, पहाऱ्याला नसते. परतल्यावर आम्ही कायमचे ठिपके बंद केले. रात्री उशीर होणार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभराचं लोकेशन पाठवायचं, पोचलं की संपलं. ज्याने त्याने आपणहून पाठवायचं, दुसऱ्याने डोकावायचं नाही.

हे सोपं जात नाहीये. दुपारी तीनला उगाचच नकाशा उघडावासा वाटतो. तिथे ठिपका नसतो, आणि तो या क्षणी कुठे आहे हे मला माहीत नसतं. संध्याकाळी तो येऊन दिवस कसा गेला ते सांगतो. पूर्वी मी ते नकाशाशी मनातल्या मनात जुळवत ऐकायचे. आता नुसतं ऐकते.