मोरीच्या पलीकडे

दिवाळीच्या आधी आपण कोळिष्टके काढतो, भिंतींना रंग देतो, पितळेची भांडी चिंच लावून घासतो. या साऱ्या स्वच्छतेचे पाणी शेवटी मोरीतून जाते आणि ते गेले की आपण निश्चिंत होतो. ते कुठे जाते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. गेल्या वर्षी आमच्या मोरीने ते पाणी घ्यायचेच नाकारले, तेव्हा मला हा प्रश्न प्रथम पडला.

आमचे घर वडिलांनी बांधलेले. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीजवळच्या एका खेड्यात. तेव्हा सभोवार शेते होती. पुढे कारखाने आले, तीन पाळ्यांचे कामगार आले आणि जो तो घरावर खोली चढवू लागला. मीही पत्र्याची एक खोली चढवून भाड्याने दिली. शेजारची वसाहत पंचतारांकित. आपल्या घराला निदान एक तरी तारा असावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा!

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि घरातल्या सगळ्या मोऱ्या एकदम मंदावल्या. न्हाणीत घोटाभर पाणी साचू लागले. संडासात बादली ओतली की न्हाणीच्या जाळीतून हुक्का ओढल्यासारखी गुडगुड ऐकू येई आणि मागोमाग वास. मास्तर माणसाला निदानाची घाई फार. टाकी भरली, असे मी ठरवून टाकले. आमच्या बोळात मैला उपसणारा टँकर शिरत नाही. म्हणून गावाच्या कडेला राहणाऱ्या एका गृहस्थाशी आठशे रुपयांत बोलणे केले. रविवारी त्याने टाकीत उतरायचे. तो नुसते "बरं" म्हणाला. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे आज लिहिताना लाज वाटते.

शनिवारी माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटायला आला. तो कारखान्यात पाळी करतो आणि उरलेल्या वेळात नळाची कामे घेतो. माझा बेत ऐकून त्याने शांतपणे विचारले, "सर, तुम्ही उतरशिला काय त्यात?"

मी हसलो. तो हसला नाही.

"एक मोरी तुंबली तर दोष त्या मोरीत," तो म्हणाला. "सगळ्या तुंबल्या तर दोष सगळ्यांच्या वाटंवर." त्याने अंगणातल्या चेंबरचे झाकण उचलले. आत पाणी साचलेले नव्हते; म्हणजे टाकीकडची वाट मोकळी होती. मग तो खाली पाहायचे सोडून वर पाहू लागला आणि जिना चढून गेला. पाच मिनिटांनी वरून हाक आली, "सर, खाली काय न्हाई. घराचा दम वर कोंडलाय!"

शास्त्रातले माझे ज्ञान मॅट्रिकपुरते. त्यानेच मला धडा दिला. न्हाणीच्या जाळीखाली पाणी अडवून धरणारी रचना असते. तिच्यात थोडेसे पाणी कायम उभे राहते आणि टाकीतला वायू घरात येऊ देत नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली संडासासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. आपला 'न्हाणी' हा घरगुती शब्दही 'नहाणी ट्रॅप' होऊन देशभरच्या स्थापत्याच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. पण खाली जाणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते. ती मिळावी म्हणून एक नळी छपराच्या वर आकाशाला उघडी ठेवावी लागते. ती बंद झाली की पाणी अडखळते, जाळीतून हवा ओढू लागते आणि राखणीचे पाणीही ओढून नेते. गुडगुड ती हीच.

आमची ती नळी बंद कुणी केली? मीच. वरच्या खोलीच्या खिडकीपाशी वास येतो, अशी भाडेकरूची तक्रार होती. नळी चार हात उंच करायची, तर मी तिच्या तोंडावर सिमेंटचा गोळा बसवला. खर्च वाचला, तक्रार थांबली. माझ्या या काटकसरीचे प्रायश्चित्त दुसराच एक माणूस टाकीत उतरून घेणार होता!

टाकीतल्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, आता बरे आहे; तोच त्याचा शेवटचा क्षण असतो. मला वाटते, समाजाच्या नाकाचेही असेच होते. पहिल्या अन्यायाचा वास येतो, हजाराव्याचा येत नाही. हाताने मैला काढवून घेण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली तो अधिक कडक झाला आणि संरक्षणावाचून माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. तरी माणसे अजून गुदमरून मरतात. आमच्यापासून फार दूर नसलेल्या माणगावात 1920 च्या मार्चमध्ये परिषद भरली होती. शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर तिथे एका व्यासपीठावर होते. ते मी दरवर्षी वर्गात शिकवतो. शिकवून घरी आलो आणि आठशे रुपयांत एक माणूस ठरवला!

रविवारी सकाळीच मी त्या गृहस्थाकडे गेलो. उतरायचे नाही, असे सांगताना मला उगाच उदार वाटत होते. तो म्हणाला, "मग माझी मजुरी बुडली म्हणायची." माझे औदार्य तिथेच संपले. कुणाला खाली न पाठवणे हे अर्धेच कर्तव्य. त्याला वरचे काम देणे हे उरलेले अर्धे. तेच आठशे रुपये ठरवून मी त्याला बरोबर आणले. त्याने आणि माझ्या विद्यार्थ्याने मिळून सिमेंट फोडले, नळी पत्र्याच्या वर चढवली, तोंडाला जाळी बसवली. मी शिडी धरली. संध्याकाळी बादली ओतली, तर पाणी एका दमात गेले.

पण एक रविवार म्हणजे सारे आयुष्य नव्हे. सोमवारी त्याला कुणी कोणत्या कामाला बोलावले, हे मी विचारले नाही. दिवाळीत आमची मोरी मोकळी होती. अभ्यंगस्नानाचे पाणी खळखळ वाहून गेले आणि ते कुठे जाते, हे या वेळी मला ठाऊक होते.