ओला रस्ता आणि सारथी



आज कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकापाशी थांबूया. पहिल्या अध्यायाची तिसरी वल्ली. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि विषय म्हणजे त्या घोड्यांच्या वाटा. रथात बसलेला मालक म्हणजे आत्मा. हे चित्र इतकं ओळखीचं झालंय की 'माहितीये' म्हणून आपण सरळ पुढे जातो. पण परवा एका तरुण मित्राने चेष्टेत विचारलं, "आता वेग गाडीच सांभाळते, मग सारथ्याने करायचं काय?" पावसाळा सुरू आहे आणि आपल्यातले बरेच जण शनिवार-रविवारी समृद्धीवर नाहीतर एक्स्प्रेसवेवर असतात, त्यामुळे प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना.

क्रूझ कंट्रोलची कल्पना राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याची. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं. हा माणूस लहानपणापासून अंध होता, गाडी तो कधी चालवतच नव्हता. शेजारी बसून त्याला चालवणाऱ्याचे झटके जाणवायचे, कधी वेगात तर कधी हळू. एकसारखा वेग ही त्या प्रवाशाची साधी मागणी होती.

यंत्र नेमकं तेवढंच करतं. तुम्ही ९० वर लावलं की ९० राखतं. आता इगतपुरीजवळचा समृद्धीवरचा तो सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आठवा. आत रस्ता कोरडा, उजेड छान, पाय पेडलवरून काढून निवांत बसलेला. बाहेर पडताच धो धो पाऊस. ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. समोर पाणी साचलेलं असेल आणि टायरच्या खाचांना ते बाजूला सारता आलं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर चढतो. अशा वेळी करायचं काय? ॲक्सिलरेटर अलगद सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही. पण क्रूझ चालू असताना पाय पेडलवर नसतोच, मग सोडणार काय? उलट पाण्याच्या अडथळ्याने वेग घटला की यंत्र तो भरून काढायला जोर लावतं. घाबरून आपण ब्रेक मारतो. त्याने क्रूझ बंद होतं खरं, पण नेमका तोच क्षण ब्रेक मारण्याचा नसतो.

(गाडी दुप्पट वेगाने हवेत उडते वगैरे फॉरवर्ड येतात, त्यात तथ्य नाही. नव्या गाड्यांमध्ये चाक घसरलं की क्रूझ आपोआप सुटतं, पण ते घसरल्यावर. गाडीच्या पुस्तिकेत ओल्या, निसरड्या रस्त्यावर वापरू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. पुस्तिका वाचतं कोण, ते सोडा.)

आता खरा प्रश्न. समजा, वेगमर्यादा पाळलेली, टायर बरे, दारू नाही, फोन नाही, आणि गाडी घसरून दुसऱ्याला लागली. दोष कोणाचा? "मी तर नियमातच होतो" हे उत्तर मला पुरत नाही. फलकावरचा आकडा ही वरची मर्यादा आहे, तो आजच्या पावसाला विचारून लिहिलेला नाही. ते काम सारथ्याकडेच राहतं, आणि रूपकात वाटांची गणना उगाच केलेली नाही. घोडे शांत आहेत, लगाम घट्ट आहे, पण वाट बदलल्याचं सारथ्याला कळलंच नाही, तर तो रथ ताब्यात आहे असं म्हणायचं का?

इथे आपल्यासारख्या साधकांची एक गोड समजूत आडवी येते. समत्व म्हणजे काहीही झालं तरी न बदलणं, असं आपण धरून चालतो. रोजचा जप, ठरलेली वेळ, ठरलेली संख्या. घरात कुणी तापाने फणफणलंय आणि आपली माळ मात्र त्याच लयीत. मला ते स्थैर्य वाटत नाही, तो लावून ठेवलेला आकडा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ सुखदुःखात डळमळत नाही, पण पाऊस पडतोय हे त्याला कळत नाही असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून यंत्र वाईट असं मी म्हणणार नाही. विदर्भातल्या कोरड्या, सरळ, मोकळ्या रस्त्यावर तासभर घोट्याला आराम मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त एवढंच बघा, की वाचलेलं लक्ष आपण रस्त्याला देतो की प्लेलिस्टला.

आणि रूपकात मालक मागे बसलेला असतो हे विसरू नका. आपल्या गाडीत मागे आई डुलकी काढत असते. ९० हा आकडा तिने निवडलेला नसतो. मग शेजारच्या सीटवर बसलेल्याने बोलावं का? चालवणारा चिडतो, "मला शिकवू नकोस" म्हणतो, पुढचे दहा किलोमीटर गाडीत अबोला. मला विचाराल तर बोलावं. "पाऊस लागलाय रे, क्रूझ काढ ना," एवढंच. अबोला लोणावळ्याच्या चहापर्यंत टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.