गुणिले तीन

कोडमध्ये कुणीतरी 'तात्पुरता' म्हणून टाकलेला आकडा वर्षानुवर्षं तसाच चालत राहतो, हे आमच्या धंद्यात नवीन नाही. मॉली ऑर्शान्स्की यांचा आकडा मात्र अख्ख्या अमेरिकेत चालतोय.

त्या तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनात संशोधक होत्या. १९६४ मध्ये सरकारची गरिबीची रेषा होती वर्षाला ३,००० डॉलर. घरात दोन माणसं असोत की आठ, रेषा तीच! ऑर्शान्स्कींनी सरकारचाच सगळ्यात स्वस्त आहाराचा तक्ता घेतला. १९५५ च्या पाहणीनुसार कुटुंबांच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग जेवणावर जात होता, म्हणून गुणिले तीन. कुटुंब मोठं, तर रेषाही वर. गरिबांची एकूण संख्या जवळपास तेवढीच राहिली, पण त्यांत मुलं कितीतरी जास्त निघाली.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पुरेसं किती हे सांगता येत नसलं तरी अपुरं किती हे नक्की सांगता येतं. १९६९ मध्ये सरकारनं ही रेषा अधिकृत केली आणि ती फक्त महागाईप्रमाणे वाढवायची असं ठरवलं. राहणीमान बदललं, जेवणावरच्या खर्चाचा वाटा घटला, घरभाडं वाढलं. तीन मात्र तिथंच.

मग सरकार चुकीचं वापरेल म्हणून संशोधकानं आकडा देऊच नये का? मला नाही पटत. ती मुलं आधीच्या मोजणीत नव्हतीच. राजीनाम्याची बातमी झाली असती, रेषा हलली नसती. ऑर्शान्स्की १९८२ पर्यंत त्याच नोकरीत होत्या आणि रेषा जुनी झाली असं सांगत राहिल्या.