खरे वय, खरे तिकीट

मुलांचे अर्धे तिकीट बहुतेक ठिकाणी वयाशी बांधलेले असते. राजुरीहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीत बारा वर्षांपर्यंत ते चालते. पुढे पूर्ण तिकीट. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या उद्यानात मात्र वयाऐवजी मुलाची उंची पाहतात.

कधी मुलासाठी आधी घेतलेले अर्धे तिकीट घरात पडून राहते. मूल मात्र वाढते. तेच तिकीट पुढे करण्याचा मोह होतो. पण श्रोतेहो, त्यासाठी मुलालाच वय लपवायला शिकवावे लागते. वाचलेले पैसे खर्च होऊन जातात, ती शिकवण मागे राहते.

म्हणून खरे वय सांगावे. खिडकीवर जुने तिकीट दाखवून विचारावे, सांगतील तो फरक भरावा. खरे वय सांगणाऱ्या घरातले मूल खरे बोलणे सहज शिकते. सवलत वयापुरती असते. सचोटी मात्र आयुष्यभराची.