नुसते हँडल बदलायचे आहे

परवा माझा एक जुना विद्यार्थी फटफटी घेऊन दारात उभा राहिला. फटफटी त्याच्या वडिलांची. वडील जाऊन तीन वर्षे झाली. "गुरुजी, तुमीच सांगा मायले," तो म्हणाला, "नुसतं हँडल बदलवाचं आहे!"

हँडल त्याने आणलेलेच होते. हँडल कसले, दोन आखूड दांडे! नेहमीचे हँडल म्हणजे वर बसवलेली एकच रुंद दांडी. हे 'क्लिप-ऑन' पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे आवळायचे. मग स्वार वाकतो, वारा कमी अडवतो, वेग साधतो. 1950 नंतरच्या वीसेक वर्षांत लंडनच्या एस कॅफेपाशी जमणाऱ्या तरुणांनी ही ऐट लोकप्रिय केली. ते उपाहारगृह 1969 मध्ये बंद पडले, 2001 मध्ये पुन्हा उघडले. आणि ती हौस आता आमच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी येऊन पोचली.

मी कुतूहलाने विचारत गेलो. नळी जेवढी जाड, तेवढ्याच मापाची पकड हवी. हँडल खाली आले की तारा लांब पडतात. त्या नव्याने ओवायच्या. वळताना बोटे टाकीवर चेंगरता कामा नयेत. तार ताणली गेली, तर नुसते हँडल वळवताच इंजिन आपोआप जोर धरते. शरीर पुढे कलते, म्हणून पाय ठेवायच्या जागा मागे न्यायच्या. आणि शेवटी मागची बैठक काढून एकट्यापुरती कुबडाची गादी.

'नुसते' हँडल कुठवर गेले, पाहिलेत?

मी त्याच्या आईकडे गेलो. ती एवढेच म्हणाली, "बदलव म्हना. पन अर्जुनीले जाताना मी कोठं बसू, थे इचारा."

नोंदणीपुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारा बदल करू नये, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. पण कायदा पुस्तकाशी ताडून पाहतो. मागे बसणाऱ्या माणसाशी ताडून कोणी पाहायचे?

वारशाने आलेली वस्तू जशीच्या तशी ठेवावी, असे मी म्हणणार नाही. न वापरता जपलेली फटफटी गंजते. जपणे आणि गोठवणे यांत फरक आहे. मुलाला आपल्या ढंगाने जगण्याचा हक्क आहेच. पण जगात एकच गोष्ट बदलता येत नाही. एक बदलली की तिला बांधलेल्या सगळ्या तारा ताणतात, आणि त्यांचा जाब बदलणाऱ्यानेच द्यायचा असतो.

हे शहाणपण मला उशिरा आले. वडिलांच्या घराचा नुसता ओटा काढून मी लिहायला खोली केली. तिथे माझी एक कादंबरी पुरी झाली. पण संध्याकाळी ओट्यावर टेकणारे म्हातारे कुठे बसतील, हे मी कोणालाच विचारले नाही. ते बोलले नाहीत. फक्त यायचे थांबले.

आईचा प्रश्न मी त्या मुलाला सांगितला. त्याने फटफटीचे हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून पाहिले आणि न बोलता निघून गेला. नवे दांडे अजून कागदातच आहेत म्हणे.

त्याच्यापाशी विचार करायला अजून वेळ आहे. मी मात्र या दिवाळीलाही पणत्या खिडकीतच लावीन.