सहा खिळे

वाळूज एमआयडीसीत दोन भाऊ एकाच शेडमध्ये प्रेस चालवायचे, मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवायचे. जुलै 2020 मध्ये कोरोनामुळे 10 ते 18 तारखेपर्यंत औरंगाबाद शहराबरोबर वाळूजही बंद झालं. पुढे कुलूप उघडलं, पण निम्मे ऑपरेटर गावी गेलेले. कोणी परभणीला, कोणी थेट बिहारला.

थोरल्याने धसका घेतला. म्हणाला, "आता गर्दीत धंदा नको." शहराच्या पश्चिमेला वाळूज, पूर्वेला शेंद्रा, मधे अख्खं शहर. त्याने शेंद्र्याला जागा घेतली. रुंद रस्ते, मोकळं शिवार, दोन मशिनींत ऐसपैस अंतर, गेटवर ताप मोजणारा वॉचमन. पाहुणा आला की थोरला टेप घेऊन अंतर मोजून दाखवायचा.

2021 च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि आठवड्याभरात त्याची एक अख्खी शिफ्ट आडवी झाली.

"मामा, आजार शिरला कुठून?" त्याने म्हाताऱ्या फोरमनला विचारलं.

"बसमध्ये बसून आला, शेठ. तुम्ही शेड हलवलं. माणसं अजून वाळूजशेजारच्या रांजणगावातच झोपतात."

थोरला वैतागला. "आणि संकट आलं की हीच माणसं पळतात!"

"थांबायची सोय होती का त्यांची? जालन्याहून घरी निघालेले 16 जण इथंच, करमाडजवळ, रुळांवर मालगाडीखाली गेले. गेल्या वर्षी, 8 मेच्या पहाटे. हौस म्हणून चालत होते का ते?"

मामा त्याला रांजणगावात घेऊन गेले. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं छप्पर. रात्रपाळीचा पोरगा झोपलेला. त्याच सतरंजीवरून सकाळी दिवसपाळीचा उठून गेला होता. भिंतीत सहा खिळे, एकेका खिळ्याला एकेक गणवेश. थोरल्याने खिशांवरची नावं वाचली. सहा गणवेश, सहा वेगळ्या कंपन्या. आपण मशिनींमधलं अंतर मोजत बसलो आणि सहा कारखाने इथे एका खोलीत मांडीला मांडी लावून बसलेत, हे त्याला तिथे दिसलं.

हे काही नवं नाही. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हा चाळीतला कामगार कोकणात, घाटावर निघून गेला. गिरण्या शाबूत, चालवायला हात नाहीत. मालक नाक्यानाक्यावर रोज वाढवून माणसं ओढू लागले. मग 1898 मध्ये सरकारने शहर सुधारणा ट्रस्ट काढला. त्याने सुरुवातीच्या वर्षांत घरं पाडली जास्त, बांधली कमी. म्हणजे रोग चाळीत आहे एवढं कळलं होतं. माणसं राहणार कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

इकडे वाळूजलाच राहिलेल्या धाकट्याकडे जागा बदलण्याइतके पैसे नव्हते. जेवढं कर्ज मिळालं तेवढ्यात त्याने शेडमागची दुमजली इमारत भाड्याने घेतली. एका खोलीत दोघे, तेही एकाच शिफ्टचे. खाली मेस. लोक हसले, 'कारखाना काढलाय की धर्मशाळा?' आजार त्याच्याकडेही आला, त्याला काही कोणी अडवलं नाही. पण दोन खोल्या बंद केल्या, डबे दाराशी ठेवले आणि बाकीचे प्रेस चालू राहिले. गावी कोणी गेलं नाही, कारण आजारी पडलं तरी अंथरूण आपलंच आहे, याची खात्री होती.

थोरला एके संध्याकाळी त्या मेसमध्ये येऊन बसला. चहा संपला तरी बोलेना. शेवटी म्हणाला, "शेंद्र्याची जागा विकून परत यावं म्हणतो."

"कशाला, दादा? जागा चांगली आहे की. करमाडला खोल्यांचं भाडं काय चाललंय ते आधी बघ. आणि एक संडास किती माणसांत, तेही विचार."