गांधार कोणाकडे ?

चार माणसें एकत्र नांदावयाचीं तर कोणींतरी नमतें घेतलें पाहिजे, हें आपल्या कानांवर लहानपणापासून पडत असतें. तें कोणीं घ्यावें याचें उत्तर मात्र सहसा कोणी उघडपणें देत नाहीं. ज्याला तें जमतें त्यानें घ्यावें, असा एकंदर व्यवहार आहे. या व्यवहारांत न्याय कितपत आहे, याचा विचार मला एका अगदीं अनपेक्षित निमित्तानें करावा लागला. तें निमित्त म्हणजे पाश्चात्त्य सुषिरवाद्यांच्या चतुष्टयाचें वादन. ('चौकडी' हा शब्द अधिक सुटसुटीत होता, पण मराठींत त्याची अब्रू फारशी चांगली नाहीं.)

युरोपांत ज्याला चेंबर म्यूझिक म्हणतात तें मुळांत दिवाणखान्यांतलें संगीत. वादक मोजके, प्रत्येकाची ओळ स्वतंत्र, आणि समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक नाहीं. यांत तंतुवाद्यांच्या चतुष्टयाचा मान मोठा. हायडनपासून त्याची परंपरा चालत आलेली आहे. पण दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो हीं एकाच घरांतलीं भावंडें. त्यांचें एकमेकांशीं जुळलें तर नवल कसलें? फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसून यांचें तसें नाहीं. फ्लूटला पत्तीच नाहीं. ओठांतून निघालेली फुंकर छिद्राच्या कडेवर फुटून नाद होतो. क्लॅरिनेटला बोरूसारख्या कांडीची एक पत्ती. ओबो आणि बॅसून यांना जोडपत्ती, आपल्या सनईसारखी. दमाचा हिशेबहि प्रत्येकाचा निराळा. फ्लूटवाल्याचा श्वास भराभर संपतो. उलट, ओबोच्या पत्त्यांमधील फट इतकी अरुंद कीं वादकाच्या छातींत हवा उरते, आणि नवा श्वास घेण्यापूर्वीं त्याला शिळा श्वास बाहेर टाकावा लागतो. एक हवेच्या दुष्काळानें कासावीस, दुसरा सुकाळानें. आणि दोघांनीं एकच स्वरवाक्य एका दमांत म्हटल्यासारखें वाजवावयाचें! त्यांत आणखी एक खोड अशी कीं, जोर वाढवूं लागतांच फ्लूटचा स्वर चढूं पाहतो आणि क्लॅरिनेटचा उतरूं पाहतो. म्हणजे प्रत्येकानें केवळ प्रामाणिकपणें आपापल्या स्वभावाप्रमाणें वागायचें ठरविलें, तर चार मात्रांच्या आंत सारी मैफल बेसूर.

असल्या बिऱ्हाडासाठीं पुष्कळ काळ फारसें कोणी लिहिलें नाहीं यांत आश्चर्य नाहीं. पॅरिसमध्यें पॉल ताफानेल या फ्लूटवादकानें १८७९ सालीं सुषिरवाद्यांच्या दिवाणखानी संगीतासाठीं एक मंडळ काढलें; तेव्हांपासून या वाद्यांकडे रचनाकारांचें लक्ष अधिक वळलें. नेमक्या या चार वाद्यांसाठीं ब्राझीलच्या व्हिला-लोबोसनें १९२८ मध्यें आणि फ्रान्सच्या जां फ्रांसेनें १९३३ मध्यें लिहिलें. असो.

वादनाच्या आरंभीं स्वर मिळविण्याची जी रीत आहे, तिच्यापाशीं मी प्रथम अडखळलों. ओबो 'ए' हा स्वर देतो (त्याचीं कंपनें सेकंदाला ४४० असावीं असें १९३९ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें) आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. ओबोलाच हा मान कां ? कारणें अनेक सांगतात. त्यांतलें एक असें कीं, इतरांना नळीचा सांधा थोडा ओढून किंवा आंत सारून आपला स्वर बदलतां येतो, ओबोला तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणजे जो वळत नाहीं त्याच्यासाठीं बाकीच्यांनीं वळावें !

मला माझ्या मावशीचें सासर आठवलें. त्या घरांत चार जावा होत्या. थोरली तापट, दुसरी नेहमींची आजारी, धाकटी लाडकी. तिसरी माझी मावशी, समजूतदार. दिवाळीला माहेरीं कोणीं जायचें, पाहुण्यांच्या पंक्तीनंतर मागें कोणीं राहायचें, सणाच्या लुगड्यांतलें फिकट कोणीं घ्यायचें, असा कोणताहि प्रश्न निघाला कीं सासूबाई तिच्याकडे वळून म्हणत, "तूं शहाणी आहेस ना, मग तूंच सोडून दे." ती म्हातारपणीं एकदां मला म्हणाली, "समजूतदार म्हटलें कीं मला धडकी भरे रे. पुढें कांहींतरी सोडायचें असे." आपण ज्याला गुण म्हणून गौरवितों तो किती वेळां केवळ वसुलीचा तगादा असतो, हें त्या दिवशीं मला कळलें.

परंतु ओबोचा तो मान वादन सुरू होईपर्यंतच टिकतो. पुढें जें घडतें तें समजण्यासाठीं तंबोऱ्याकडे वळावें लागेल. खर्जाची तार नीट लागली म्हणजे कोणीं न छेडलेला एक गांधार तिच्यांतून आपोआप उमटतो. हार्मोनियमच्या पट्टींतला गांधार या स्वयंभू गांधारापेक्षां अर्धस्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें तें पुढें कित्येक वर्षें बंदच होतें. त्यामागच्या आक्षेपांत बारा समान भागांच्या या सप्तकावरचा आक्षेपहि होता. पाश्चात्त्यांचीं सुषिरवाद्यें बहुतांशीं त्याच हिशेबानें घडविलेलीं असतात. म्हणून षड्ज, गांधार व पंचम तीन वादकांनीं एकदम वाजविले, तर षड्जवाल्यानें स्थिर राहावें, पंचमवाल्याला जवळजवळ कांहींच करावें लागूं नये, आणि ज्याच्या वांट्याला गांधार आला त्यानें ओठ सैल करून तेवढें उतरावें, तेव्हां कोठें तो स्वरसंघात निवळतो. उतरणाऱ्याला तें फुकट पडत नाहीं. त्याच्या नादाचें तेज थोडें उणावतें, आणि तें सांवरण्यांत त्याचें कसब खर्ची पडतें.

येथवर ही मावशीचीच कथा. फरक आहे तो पुढें. एलियट कार्टर (१९०८–२०१२) हा अमेरिकन रचनाकार १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत वाद्यरचनेचा वर्ग घेत होता. विद्यार्थ्यांनीं या चार वाद्यांसाठीं लिहिलेले नमुने त्याला निस्तेज वाटले, म्हणून त्यानें स्वतःच फळ्यावर लिहून दाखवावयास सुरुवात केली. त्यांतून आठ एट्यूड आणि एक फँटसी अशी रचना सिद्ध झाली. तिच्यांतील तिसऱ्या एट्यूडमध्यें आरंभापासून अखेरपर्यंत एकच स्वरसंघात आहे. डी हा षड्ज, त्याचा गांधार आणि त्याचा पंचम, बस्स. स्वर तीन आणि वाद्यें चार; तीं हलक्या आवाजांत येतात, जातात, आणि तेच स्वर एकमेकांच्या हातीं सोंपवितात. आतां फ्लूटकडे असलेला गांधार घटकेंत क्लॅरिनेटकडे, तेथून आणखी कोणाकडे. ज्याच्याकडे तो येईल त्यानें उतरावें. सोडला कीं पुनः ताठ व्हावें. ज्या ओबोपुढें थोड्याच वेळापूर्वीं सारे वांकले होते, त्याच्याकडे गांधार आला तर त्यालाहि सुटका नाहीं. नमणें येथें कोणाच्या स्वभावाला चिकटलेलें नसून जागेला चिकटलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पाळी लावून घेतलेल्या नमत्याला औदार्य कसें म्हणावें ? न म्हणावें. माझ्या मते औदार्याची येथें फारशी आवश्यकताच नाहीं. आवश्यकता आहे ती या क्षणीं आपल्या हातांत कोणता स्वर आहे हें ओळखण्याची, आणि तें दुसऱ्या तिघांचें ऐकल्यावांचून ओळखतां येत नाहीं. स्वभावानें गरीब असलेला वादक जर षड्ज हातीं असतांनाहि नम्रतेनें उतरूं लागला, तर तो सर्वांनाच बुडवील. मावशीनें सोडूं नये तें कित्येकदां सोडलें, असें आज मला वाटतें. पण तें तिच्या तोंडावर म्हणण्याचें धैर्य मला कधीं झालें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वादकांपुढें लिहिलेला कागद असतो; गांधार कोणाकडे जाणार हें रचनाकारानें आधींच ठरविलेलें असतें. घराला असा रचनाकार कोठून आणावा ? याला माझ्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. मात्र कागदावर सारें लिहिलेलें असूनहि तालमींत एखादा स्वरसंघात खटकला कीं वादक थांबतात आणि एकमेकांना विचारतात, "येथें गांधार कोणाकडे आहे ?" ज्याच्याकडे असेल तो सांगतो, आणि तो स्वर सावकाश धरून पुनः वाजवितात. यांत कोणाला लाज वाटत नाहीं कीं उपकार केल्यासारखें वाटत नाहीं.

मावशीच्या घरीं असा प्रश्न एकदांच निघाला. सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला थोरली जाऊ, तीच तापट, स्वयंपाकघरांत तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "इतकीं वर्षें तुझेंच राहून गेलें. यंदा माहेरीं तूं जातेस का ?" मावशीला कांहीं सुचेना. हातांतली करंजी तशीच धरून ती थोडा वेळ बसली, आणि मग तिच्या तोंडून निघून गेलें, "नको, तुम्हीच जा."